मरुकुंतल तेलाची जाहिरात

शुक्रवार, ४ एप्रिल

आजची सगळी सकाळ एका साबणाने खाल्ली! १९११ सालचा अंक, अर्ध्या रकान्याची जाहिरात, नेमकी घडीवर फाटलेली. 'या साबणास चरबीचा स्पर्शही झालेला नाही' एवढं वाचता येतं. पुढची ओळ घडीत गेली. अंदाजाने भरता आली असती. पण मग ती माझी ओळ झाली असती, साबणवाल्याची नाही. शेवटी टिंबं ठेवली.

मंडळाचा महाराष्ट्र दिन यंदा २ मेला, शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या वारी. हॉलबाहेरच्या पॅसेजमध्ये माझे बोर्ड लागणार — शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठी वर्तमानपत्रांतल्या जाहिराती. साबण, दंतमंजनं, केसांची तेलं, अत्तरं, स्टोव्ह. स्कॅन केलेले अंक बघत बसायचं, नीट कापायचं, मोठं करायचं, खाली दोन ओळी लिहायच्या. इतिहासात एम.ए. केलं त्याला वीस वर्षं होऊन गेली. त्यातली बहुतेक दोह्यात, संजीवच्या गॅस कंपनीच्या नोकरीमागे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या डिग्रीचं काहीतरी करतेय. संजीव म्हणतो, "चला, एम.ए. वसूल!" मी हसले. पण मला हे काम फार नीट व्हायला हवंय, हे त्याला नाही सांगितलं.

दुपारी गजेंद्रभाऊंचा फोन. मंडळाचे अध्यक्ष, त्यामुळे उत्साह भरपूर. "वहिनी, लोक बोर्ड वाचत नाहीत हो! जेवणाच्या रांगेत उभे असतात. ग्रुपवर आधी काहीतरी गमतीचं टाका. भूक लागली पाहिजे."

"जेवणाची की जाहिरातींची?"

"दोन्हींची! आपल्या दोह्याची एखादी जाहिरात करा की, त्या जुन्या भाषेत."

खोटी जाहिरात? खऱ्यांच्या शेजारी? नको, म्हटलं. पण तेव्हापासून डोक्यात वाक्यं येताहेत.


रविवार, ६ एप्रिल

केली! एका बैठकीत झाली. इथे उतरवून ठेवते —

'केस गळतात काय? उशीवर, फणीत, वरणात आढळतात काय? दोष आपला नसून दोह्याच्या पाण्याचा आहे! मरुकुंतल तेल. वाळवंटातही हिरवळ उगवते, मग मस्तकावर का न उगवावी? अत्यंत सुवासिक. मेंदूस थंडावा देणारे. स्त्रीपुरुषांस सारखेच गुणकारी. वेस्ट बे येथील एक सद्गृहस्थ लिहितात, "तीन आठवड्यांत ऑफिसात मला कोणी ओळखेना." नकली मालापासून सावध! समक्ष भेटावे अगर लिहावे — सौ. नयनाबाई, मदिनत खलीफा, दोहा.'

अंतराने चित्र काढून दिलं. वेस्ट बेचे टॉवर, पुढे नऊवारीतली बाई, केस पार घोट्यापर्यंत. "आई, धिस इज सो क्रिंज. आय लव्ह इट." पंधराव्या वर्षी याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

शेवटी नाव-पत्ता घातल्याशिवाय ती जुनी वाटेना, म्हणून घातला. ग्रुपवर टाकली.


सोमवार, ७ एप्रिल

हसण्याचे चेहरे मोजता येत नाहीत इतके! गजेंद्रभाऊंचा निरोप — "वहिनी, हिट!! हिचाही बोर्ड लावायचाच!" स्वयंपाक करताना गुणगुणत होते.


मंगळवार, ८ एप्रिल

सकाळी कौशिकचा मेसेज. जसाच्या तसा — 'नयनाताई, मरुकुंतलची एक बाटली मिळेल का? आईसाठी हवी आहे. गुण येतो ना नक्की?'

कौशिक म्हणजे मंडळातला तरुण मुलगा, आयटीत आहे, दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलाय. अल हिलालला राहतो. फेब्रुवारीत आईला घेऊन आला, येवल्याहून. रत्नप्रभा नाव त्यांचं. नाशिकला कॅन्सरची ट्रीटमेंट पूर्ण झाल्यावर. केस सगळे गेलेत. पाडव्याला त्यांना घेऊन ये म्हटलं, तर म्हणाला, "आई कुणाला भेटत नाही, ताई. दाराबाहेरसुद्धा जात नाही."

आणि ती बाई माझं तेल मागतेय!

त्याची काय चूक? ग्रुपवर निम्म्या बायका काही ना काही विकतात. कुणाची भाजणी, कुणाच्या चकल्या, कुणाचं घरचं उटणं. माझ्या जाहिरातीत नाव होतं, पत्ता होता. ही खोटी आहे असं कुठे लिहिलं होतं? मला वाटलं, कळेलच. सगळ्यांना कळतं असं गृहीत धरायची मला सवय आहे.

उत्तर लिहिलं, पुसलं. चारदा.


बुधवार, ९ एप्रिल

संजीव म्हणतो, "सरळ सांग ना त्याला, विनोद होता म्हणून."

"आजारातून उठलेल्या बाईला? केसांचा विनोद? व्हॉट्सअपवर?"

"मग फोनवर सांग."

"फोनवर काय सांगू? तुमच्या डोक्यावर हसत होते?"

"तू त्यांच्या डोक्यावर नव्हतीस हसत."

खरं आहे. पण मग कुणाला हसत होते? हे बोर्ड करताना मी सतत हसत होते. 'आठ दिवसांत टक्कल नाहीसे', 'वृद्धास तरुण करणारे' — काय एकेक लोणकढी, म्हणून. त्या काळचे लोक किती भोळे! हा माझा सूर, खालच्या दोन ओळींतसुद्धा. जाहिरात लिहिणारा मला लगेच दिसला. वाचणारी बाई दिसली नाही. खोलीच्या कोपऱ्यात बसून तो अर्धा रकाना पुन्हा पुन्हा वाचणारी, मग कुणाकडून तरी कार्ड लिहून घेणारी. ती भोळी नसेलही. तिला फक्त ते हवं असेल.

साबणाच्या एका फाटक्या ओळीसाठी सकाळ घालवणारी मी! स्वतःच्या जाहिरातीचा विचार एका बैठकीत उरकला.


शुक्रवार, ११ एप्रिल

ग्रुपवर खुलासा टाकावा म्हणून गजेंद्रभाऊंना फोन केला. कौशिकचं नाव घेतलं नाही. ते म्हणाले, "वहिनी, खुलासा दिला की विनोद खलास!" मी म्हटलं, खलास तर खलास. पण मग वाटलं — त्या बाईंना ते ग्रुपवरून कळलं तर? आधी त्यांना समक्ष सांगायचं. मगच बाकीच्यांना.

कौशिकला एवढंच लिहिलं : 'थोडे दिवस लागतील.' हेही खोटंच, सभ्य कपड्यातलं.


रविवार, १३ एप्रिल

तेल केलं.

रिकाम्या हाताने जायचं धाडस नव्हतं, हे खरं कारण. कंपाउंडमधली जास्वंदीची फुलं, कढीपत्ता, खोबरेल, मंद आचेवर. आई करायची तसं. घरभर वास. अंतरा नाक धरून फिरत होती आणि तरी तीनदा कढईत डोकावली. "बट इट्स रिअल ऑइल, आई. सो नाऊ इट्स नॉट अ लाय, राइट?"

मोह झाला, कबूल करते. बाटली द्यायची, काही बोलायचंच नाही. खोबरेल आहे, अपाय तर नाही. त्यांचे केस तसेही परत येणारच, ट्रीटमेंटनंतर येतात. श्रेय मरुकुंतलला! जुन्या तेलवाल्यांनीही असंच मनाशी म्हटलं असेल.

लेबल लिहिलं : 'खोबरेल, जास्वंद, कढीपत्ता. याने केस येतीलच असे नाही.'

संजीवने वाचलं. "जगातली पहिली खरी जाहिरात," म्हणाला. "एकही बाटली खपणार नाही."


बुधवार, १६ एप्रिल

कौशिकला कळवलं, शुक्रवारी बाटली घेऊन घरी येते, आईंशी जरा बोलायचं आहे. लगेच फोन. घाबराघुबरा. "नको, नको ताई! मीच येऊन नेतो. आईला त्रास नको. म्हणजे... तिला तेलाचं काही बोलू नका हं."

मुलगा किती जपतो आईला! आणखीच अपराधी वाटलं. पण जाणार. सांगितलंही तसं.


शुक्रवार, १८ एप्रिल

कुठून सुरू करू?

सकाळी अकराला अल हिलालला गेले. गाडीत बसून वाक्यं पाठ केली. दार रत्नप्रभाताईंनीच उघडलं. साठीच्या आसपासच्या, बारीक, डोक्याला निळा सुती रुमाल घट्ट बांधलेला. भुवया अजून पुरत्या नाहीत आलेल्या. पण डोळे एकदम तरतरीत. मला वाटलं होतं त्यातलं काहीच नव्हतं.

"या की! तुम्हीच का त्या तेलवाल्या नयनाबाई?"

झालं. पाठ केलेलं सगळं गेलं. उभ्या उभ्याच बोलून टाकलं — तेल नाही, जाहिरात खोटी, प्रदर्शनासाठी केलेली गंमत, कुणी खरंच मागवेल असं वाटलं नाही, तुमचा विचार करायला हवा होता, केला नाही, माफ करा.

"गंमत आहे ते मला ठाऊकय. त्यानंच वाचून दाखवली की. वरणात केस! हसून हसून पोट दुखलं. पण मागवलं कुणी?"

"कौशिकने. तुमच्यासाठी."

"मला? तेल?" त्यांनी रुमालावर हात ठेवला. "अहो बाई, लावू कुठं?"

आणि हसायला लागल्या. तेवढ्यात आतून कौशिक आला, घरातसुद्धा क्रिकेटची टोपी घालून. त्याचा चेहरा बघून त्या एकदम थांबल्या. मग म्हणाल्या, "टोपी काढ."

"आई, प्लीज."

"काढ रे. घरच्याच आहेत त्या."

काढली. पुढून निम्मं रान मोकळं! एकोणतिसाव्या वर्षी.

"ताई, दोह्याचं पाणी —" तो सुरू झाला.

"पाण्याला कशाला नावं ठेवतोस? तुझ्या बापाचं डोकं आठव. ते कधी आले होते दोह्याला?"

पुढच्या महिन्यात त्याला एका मुलीला भेटायचंय. रुचा नावाची, पुण्याची. तोवर व्हिडिओ कॉलवर कॅमेरा नाकापासून खाली ठेवतो म्हणे! तेल आपल्या नावाने मागवायची लाज वाटली, म्हणून आईचं नाव. मी मात्र दहा दिवस...

रत्नप्रभाताई येवल्याच्या पोस्टात होत्या, रिटायर होईपर्यंत. म्हणाल्या, "आमच्याकडं व्ही.पी.ची पार्सलं यायची, तेलाची, कलपाची. नाव सौभाग्यवतीचं, आणि पैसे भरून सोडवायला यायचे हे! टोपी घालून. मी मुद्दाम मोठ्यानं विचारायची, 'काय हो, वहिनींचे केस गळतात का?'" कौशिकसुद्धा हसला. मग खाली बसला आईपुढे, आणि त्यांनी माझ्या बाटलीतलं तेल ओंजळीत घेऊन त्याच्या डोक्यावर थापलं. लेबल वाचून म्हणाल्या, "येतीलच असे नाही! हे बरं लिहिलंत."

निघताना दारापर्यंत आल्या. कौशिक आत होता. हळू बोलल्या, "त्या दिवशी जाहिरात वाचून दाखवताना तो मधेच गप्प झाला. आईसमोर केसांवर हसलो म्हणून. तुम्हालाही तसंच वाटलं. आजारी पडल्यापासून माझ्यासमोर कुणी केस हा शब्दच काढत नाही. फणीसुद्धा लपवून ठेवलीय त्यानं. हसले होते ना मी? मग पुढं वाचायचं."

मी प्रदर्शनाला या म्हटलं. "बघू," म्हणाल्या. रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली.


शनिवार, १९ एप्रिल

ग्रुपवर खुलासा टाकला : मरुकुंतल नावाचं तेल नाही, जाहिरात गमतीसाठी होती. तिघांनी खाजगीत विचारलं, "नक्की नाही?" तिघेही पुरुष.


सोमवार, २१ एप्रिल

हसल्या त्या. पण मला अवघड वाटू नये म्हणून हसल्या असतील का? चांगली माणसं असं करतात. मी घरी येऊन फार लवकर हलकी झाले. रुमालाची ती गाठ आठवतेय.


बुधवार, २३ एप्रिल

रत्नप्रभाताईंचा स्वतःहून फोन! "त्या जुन्या जाहिराती आहेत ना? खऱ्या. वाचून दाखवता का? दिवसभर एकटीच असते. टीव्हीतल्या बायकांचे केस बघून कंटाळा आला."

सगळे प्रिंट घेऊन गेले. चटईवर पसरले. मी वाचत होते, त्या मधेमधे बोलत होत्या. दंतमंजनाची एक — 'हालणारे दात घट्ट होतात' — "आणि पडलेले?" अत्तराची एक त्यांनी दोनदा वाचायला लावली. एका शक्तिवर्धकाच्या जाहिरातीत दोन चित्रं आहेत, 'वापरण्यापूर्वी' हाडकुळा माणूस आणि 'वापरल्यानंतर' पैलवान. ते त्यांनी हातात घेतलं, बराच वेळ. "हे दोघे वेगळेच आहेत," म्हणाल्या. "कान बघा. पण वापरल्यानंतरही माणूस तोच राहतो, अशी जाहिरात कोण करणार?"

माझ्या खालच्या ओळीही वाचून घेतल्या. म्हणाल्या, "जाहिरातवाल्याला झोडलंय तुम्ही. मागवणाऱ्याबद्दल एक अक्षर नाही." मलाही तेच जाणवलंय म्हटलं. सगळ्या ओळी पुन्हा लिहिणार.

चहाच्या वेळी एकदम विचारलं, "मी आले तर लोक बोर्डाकडं बघतील की माझ्या डोक्याकडं?"

'बोर्डाकडे' हे तोंडावर आलं होतं. गिळलं.

"दोन्हीकडे," म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "बरं झालं खरं बोललात." येते म्हणाल्या नाहीत. नाही येत, असंही म्हणाल्या नाहीत.


शुक्रवार, २५ एप्रिल

अंतरा आज सोबत आली. स्वतःहून! त्या मराठीत बोलतात, ही इंग्रजीत. दोघींचं मस्त चाललं होतं. अंतराने एकदम विचारलं, "आजी, इज युअर हेअर ग्रोइंग बॅक?" त्यांनी रुमाल कानावरून बोटभर सरकवला. "बघ. हात लाव."

"सो सॉफ्ट! लाइक अ किटन."

पांढरी, दाट लव. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. मग वाटलं, हेच तर त्यांना नको आहे. म्हणून नीट बघितलं.


शनिवार, २६ एप्रिल

मरुकुंतलचा बोर्ड प्रदर्शनातून काढायचं ठरवलं. घोट्यापर्यंत केसांची ती बाई, आणि समोर रत्नप्रभाताई उभ्या — आल्याच तर. नको. त्यांनी मनावर घेतलं नाही म्हणून मी घेऊ नये असं थोडंच आहे?

गजेंद्रभाऊ जाम नाराज. "वहिनी, लोक तेच बघायला येताहेत! एक बोर्ड तर आहे." मी म्हटलं, त्याजागी साबण लावा, चरबीविरहित. कौशिकलाही कळवून टाकलं, आईंना सांग, तो बोर्ड नसेल, निर्धास्त या. त्याने अंगठा पाठवला.


रविवार, २७ एप्रिल

खालच्या ओळी पुन्हा लिहिल्या. तेलाच्या जाहिरातीखाली आता असं आहे : 'ही बाटली कुणी मागवली, आपल्याला माहीत नाही. बहुधा बायकोच्या नावाने.' संजीव म्हणाला, "हे इतिहासात बसतं का?" बसत नाही. पुरावा कुठला, तर येवल्याच्या एक पोस्टबाई. शेवटी 'बहुधा' ठेवलं आणि खाली लिहिलं : 'माहिती — रत्नप्रभाताई, येवले पोस्ट.' त्यांना विचारून.


मंगळवार, २९ एप्रिल

सकाळी कौशिकच्या फोनवरून दोन फोटो आले. पहिला जुना, कडा पिवळ्या पडलेल्या : लग्नातली रत्नप्रभा, पाठमोरी वळून बघणारी, वेणी कमरेखाली. दुसरा आजचा, बाल्कनीतला. रुमाल नाही. पांढरी लव उन्हात चमकतेय, आणि त्या खदाखदा हसताहेत. कान तेच.

खाली त्यांचा निरोप — 'बोर्ड काढायचा नाही. चित्रातली बाई काढा, हे दोन लावा. वेणीखाली लिहा : वापरण्यापूर्वी. दुसऱ्याखाली : वापरल्यानंतर. खात्री करून घ्यायची असेल त्यांना सांगा, शुक्रवारी मी बोर्डाशेजारीच उभी आहे. समक्ष भेटावे.'